निळ्या जर्सीचा पत्ता

दुबईत भरणाऱ्या ‘बेसबॉल युनायटेड’ या व्यावसायिक लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा एक संघ आहे. नाव आपल्या शहराचं आणि सामने मात्र दुबईत, त्यामुळे मुंबईकराला हा संघ आपल्या मैदानावर पाहायला मिळत नाही. अमेरिकेत याच खेळात उलटी गोष्ट घडली होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एबेट्स फील्ड नावाचं मैदान होतं आणि त्यावर डॉजर्स हा संघ खेळे. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेऊन त्याने अमेरिकी खेळाचा इतिहास बदलला आणि १९५५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. १९५७ चा मोसम संपल्यावर मालकाने तो लॉस एंजेलिसला नेला आणि १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडलं गेलं. संघ आजही आहे, जिंकतोही आहे, पण ब्रुकलिनचा उरलेला नाही. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की एक प्रश्न नीट विचारता येतो. संघ शहराचा होतो तो कशाने? नावाने तर होत नाही. माझं म्हणणं असं की पैशाने आणि चषकांनीही तो पुरता होत नाही. त्यासाठी शहरात एक ठरलेली जागा लागते आणि त्या जागी अनेक मोसम टिकून राहिलेले खेळाडू लागतात. अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रोडवरच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात खेळणारा मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल संघ मला या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा वाटतो.

मुंबईत फुटबॉल आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमुळे आला, असं समजणाऱ्यांनी शहरातल्या कूपरेज मैदानाचा इतिहास पाहावा. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये मुंबईत सुरू झाला. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक. गोऱ्या पलटणींच्या संघांचा तिच्यावरचा कब्जा १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने मोडला. पुढे हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो चषक नेला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग यांच्यासाठी कूपरेज भरत असे. पण मुंबईकर ज्यांना पाहायला गर्दी करत होते ते बहुतेक संघ बाहेरचे होते. शहराचे स्वतःचे संघ होते ते कंपन्यांचे. त्यांतला सर्वांत मोठा महिंद्रा युनायटेड. त्याने ड्युरंड चषक जिंकला, दोनदा फेडरेशन चषक जिंकला आणि २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगही जिंकली. राष्ट्रीय विजेता संघ मुंबईत होता, तरी आपल्यापैकी किती जणांना तो आपला वाटला? २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. त्यानंतर रस्त्यावर कोणी उतरलं नाही, कारण त्याचा आधार शहर नव्हतं, कंपनीच्या ताळेबंदातली एक नोंद होती. त्याच्या आगेमागे मुंबई एफसी हा क्लब उभा राहिला. नावात मुंबई होती, प्रशिक्षक खालिद जमीलसारखा चिवट माणूस होता, पण कूपरेजचं काम निघालं तेव्हा या संघाला घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. ज्याचं घर दीडशे किलोमीटर लांब गेलं, त्याच्या मागे गर्दी कुठून उभी राहणार? आय-लीगच्या २०१६-१७ च्या मोसमात तो तळाला गेला आणि मग क्लबच आटोपला. त्याच मोसमात जमील मात्र मिझोरामच्या ऐझॉल एफसीला विजेतेपद मिळवून देत होता.

मुंबई सिटीची सुरुवातही वेगळी नव्हती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली तेव्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांनी हा संघ घेतला. पहिले दोन मोसम सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. नावं मोठी होती. स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग आला. फ्रान्सचा निकोला अनेल्का आला आणि दुसऱ्या मोसमात खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्याकडे गेल्या. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने पुणे सिटीविरुद्ध हॅटट्रिक केली, तर दुसऱ्या मोसमात सुनील छेत्रीने आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक याच संघासाठी केली. तरी दोन्ही मोसमांत संघ बाद फेरीच्या बाहेरच राहिला. पन्नास हजारांहून अधिक आसनांचं स्टेडियम, जगप्रसिद्ध पाहुणे आणि तीन महिन्यांत आटपणारी स्पर्धा, असा एकूण थाट जत्रेतल्या तंबूचा होता.

बदल झाला तो २०१६ मध्ये, संघ अंधेरीला आला तेव्हा. हे मैदान महापालिकेचं, आसनं जेमतेम सात हजारांच्या आसपास. धंद्याच्या हिशोबाने हा घाट्याचा व्यवहार दिसतो. पण नकाशा पाहिला की त्यातलं शहाणपण कळतं. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली होती आणि तिचं आझाद नगर स्थानक मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बोरिवलीचा माणूस लोकलने अंधेरीला उतरून, घाटकोपरचा थेट मेट्रोने, वांद्र्याचा रिक्षाने इथे पोचतो. नेरुळला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा बेत करावा लागे. अंधेरीला ऑफिस सुटल्यावर जाता येतं. त्या मोसमात प्रशिक्षक अलेक्झांड्रे गिमारेस होते, गोलजाळ्यासमोर अमरिंदर सिंग होता आणि आघाडीला उरुग्वेचा डिएगो फोर्लान. फोर्लानने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध अंधेरीत हॅटट्रिक केली आणि तो सामना मुंबईने ५-० असा जिंकला. संघ पहिल्यांदाच साखळीत अव्वल आला, उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. याच मैदानावर सप्टेंबर २०१६ मध्ये भारताने पोर्तो रिकोला ४-१ असं हरवलं होतं. मुंबईने राष्ट्रीय संघाचा सामना पाहिला तो ६१ वर्षांनी.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खराही आहे. सात हजारांचं मैदान, तेही अनेकदा अर्धं रिकामं, मग शहराचा संघ कसला? मुंबईचं प्रेम क्रिकेटवर, फुटबॉलचे प्रेक्षक रात्री जागून इंग्लंडचे सामने टीव्हीवर पाहणारे. या आक्षेपाचं उत्तर अंधेरीनेच जून २०१८ मध्ये दिलं. इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या सलामीला भारताने चायनीज तैपेईला ५-० असं धुतलं, छेत्रीने हॅटट्रिक केली आणि ती पाहायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक साधी चित्रफीत टाकली. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असं हात जोडून सांगणारी. त्यानंतरचा केनियाविरुद्धचा सामना, छेत्रीचा शंभरावा, ४ जूनला त्याच मैदानावर झाला आणि सगळी तिकिटं संपली. भर पावसात तुडुंब भरलेल्या मैदानात भारताने ३-० असा विजय मिळवला. तीन दिवसांत मुंबईकर बदलले नव्हते, खेळाचा दर्जाही बदलला नव्हता. बदललं ते एवढंच, की कोणीतरी त्यांना नीट बोलावलं. प्रेक्षक नाहीत या तक्रारीत म्हणूनच मला अर्धं सत्य दिसतं. प्रेक्षक आहेत, पण त्यांना यायची सवय लागायला हवी आणि सवय लागते ती एकाच जागी, एकाच दारातून, मोसमामागून मोसम जाता आलं तरच. क्लबचे पक्के समर्थक स्वतःला ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ म्हणवतात. त्या नावात मैदानातली एक बाजूच वसलेली आहे, एवढं या गटाचं अंधेरीशी नातं घट्ट आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर गोव्याहून सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश प्रशिक्षक आला आणि त्याच्या पाठोपाठ एफसी गोवाचे अहमद जहू, ह्युगो बूमू, मूर्तदा फाल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे सगळे मुंबईत आले. पुढच्याच मोसमात, २०२०-२१ मध्ये, मुंबईने साखळीतली लीग शिल्ड आणि अंतिम सामन्याचा चषक दोन्ही जिंकले. एकाच मोसमात दोन्ही जिंकणारा तो पहिला क्लब ठरला. टीकाकार म्हणाले, तयार संघ विकत घेतला. मी हे नाकारत नाही. उलट त्या मोसमाबद्दल मला याहून मोठी खंत आहे. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, बंद दाराआड झाले. मोहन बागान आणि मुंबई दोघांचेही ४० गुण झाले, अखेरच्या साखळी सामन्यात मुंबईने त्यांना २-० असं हरवून शिल्ड घेतली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये अंतिम सामना झाला. १-१ अशी बरोबरी, नव्वदावं मिनिट. लांबून आलेल्या चेंडूवर मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम पुढे धावला, त्याचा अंदाज चुकला, मुंबईच्या ओगबेचेने चेंडू हिसकावून बिपिन सिंगकडे सरकवला आणि बिपिनने तो जाळ्यात धाडला. क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण, आणि अंधेरीचा एकही प्रेक्षक तिथे नव्हता. नुसत्या चषकांनी संघ शहराचा होत असता तर त्या रात्री झाला असता. तसं झालं नाही, ते पुढे झालं.

ते कसं झालं हे पाहायचं तर ओगबेचे किंवा बूमूकडे पाहून चालत नाही. ते एका मोसमाचे पाहुणे होते, दोघेही लगेच दुसऱ्या क्लबात गेले, लोबेराही गेला. पाहायला हवं ते बिपिनकडे. मणिपूरचा हा मुलगा २०१८ मध्ये आला तेव्हा डाव्या बाजूने पळणारा, बदली म्हणून उतरणारा एक खेळाडू होता. सात मोसम तो इथे राहिला. बदलत गेलेल्या चार प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला, फॉर्म गेला तेव्हा बाकावर बसला, परत आला. २०२१ आणि २०२४ अशा दोन्ही अंतिम सामन्यांत त्याने गोल केले. दुसरा मिझोरामचा लालियनझुआला छांगटे. तो २०२२ च्या जानेवारीत चेन्नईहून आला, तेव्हा त्याच्या वेगाचं कौतुक आणि नेमबाजीबद्दल कुरकुर अशी ख्याती होती. डेस बकिंगहॅम या प्रशिक्षकाने त्याला उजव्या बाजूला उभं केलं. डावखुरा माणूस उजवीकडून आत वळला की गोलचा अख्खा कोन त्याच्या डाव्या पायासमोर उघडतो. बचावपटूने बाहेरची वाट अडवली तर तो आत येतो, आतली अडवली तर वेगाने बाहेर निसटतो. २०२२-२३ मध्ये हा प्रयोग फळाला आला आणि त्या वर्षीचा भारताचा सर्वोत्तम फुटबॉलपटू छांगटे ठरला. त्या मोसमात मुंबई सलग १८ साखळी सामने हरली नाही. २० सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल, हा त्या वेळचा लीगचा विक्रम होता. आणि या वेळी प्रेक्षक परत आले होते, अंधेरीने तो संघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मला २०२१ च्या दुहेरी विजयापेक्षा ही एक शिल्ड मोठी वाटते ती एवढ्यासाठीच.

मणिपूर, मिझोराम, पंजाब, सिक्कीम. मग यात मुंबईचं काय, हा तिसरा आक्षेप, आणि मराठी वाचकाच्या मनात तो सगळ्यात आधी येणार. त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे ब्रुकलिनच्या ज्या संघासाठी तिथले लोक पिढ्यानपिढ्या हळहळले, त्यातला जॅकी रॉबिन्सन जॉर्जियात जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात वाढलेला होता. आपलेपण जन्मदाखल्यावर ठरलं असतं तर जगातल्या फारच थोड्या संघांना शहर मिळालं असतं. पण एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याचं नाव राहुल भेके. मुंबईत जन्मलेला हा उंच बचावपटू, बंद पडलेल्या त्या मुंबई एफसीकडून खेळलेला. पुढे कोलकाता, केरळ, पुणे असं फिरत तो बंगळूरला पोचला. १७ मार्च २०१९ ला आयएसएलचा अंतिम सामना अंधेरीत झाला, जादा वेळेतलं ११७ वं मिनिट आलं, कॉर्नर आला आणि भेकेच्या हेडरने बंगळूरला विजेतेपद मिळालं. स्वतःच्या शहरात, पण दुसऱ्या शहराच्या जर्सीत. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत आला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई ०-१ अशी मागे होती. डिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि काही मिनिटांत कॉर्नरवर भेकेने पुन्हा डोकं लावलं. २-१. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. विजयी गोल करणारा मुंबईचा पोरगा, आणि त्याला घडवण्यात हात असलेला क्लब पाच वर्षांपूर्वी मेलेला. त्याच्या जोडीला अमेय रानवडे हाही मुंबईकर. २०२१ च्या अंतिम सामन्यात डोक्याला मार बसून तो बेशुद्ध झाला होता, त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं, आणि बरा होऊन तो पुन्हा याच संघाच्या बचावफळीत उभा राहिला. अशी नावं दोनच का, दहा का नाहीत, हा सवाल मात्र रास्त आहे. त्याचं कारण मला क्लबच्या मालकांपेक्षा शहराच्या इतिहासात दिसतं. फुटबॉलपटू तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात आणि मुंबईचे क्लब तेवढी वर्षं टिकतच नाहीत. महिंद्रा गेला, मुंबई एफसी गेला. दर वेळी शिडीच काढून घेतली, तर वर चढणारे दिसणार कुठून?

टिकण्याने काय होतं, याचा पुरावा २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत मिळाला. बकिंगहॅम मोसमाच्या मध्येच इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले होते. त्यांच्या जागी चेक प्रशिक्षक पीटर क्रात्की आले. संघाची पडझड व्हायला एवढं पुरे होतं. १५ एप्रिलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानने मुंबईला २-१ असं हरवून लीग शिल्ड हिसकावली. नऊ दिवसांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना फातोर्ड्याला होता. एफसी गोवा २-० पुढे, नव्वदावं मिनिट आलेलं, गोव्याचे प्रेक्षक आनंदाने नाचत होते. मग छांगटेने एक गोल फेडला. एका मिनिटात विक्रम प्रताप सिंगने दुसरा. भरपाई वेळेत छांगटेने तिसरा. सहा-सात मिनिटांत ०-२ चा ३-२ झाला. परतीच्या सामन्यात अंधेरीने गोव्याला २-० असं हरवलेलं पाहिलं. आणि ४ मे रोजी, जिथे शिल्ड गेली होती त्याच सॉल्ट लेकवर, साठ हजारांहून अधिक विरोधी प्रेक्षकांसमोर, कर्णधार भेकेचा संघ एका गोलने मागे पडूनही ३-१ असा जिंकला. पेरेरा दियाझ, बिपिन आणि याकुब वॉयटस यांचे गोल. ज्यांनी दोन-तीन वर्षं एकत्र घाम गाळला आहे असेच लोक हरलेल्या जागी परत जाऊन असं खेळू शकतात. भाडोत्री संघ म्हणून मुंबई सिटीला हिणवणाऱ्यांनी त्या दिवशीची अकरा नावं आणि त्यांचे क्लबमधले मोसम पाहावेत.

एवढं सगळं सांगितल्यावर एक अडचण झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. माझ्या म्हणण्याचा कणा अंधेरीचं मैदान आहे आणि ते मैदान क्लबचं नाही. शिवाय आशियाई स्पर्धेच्या निकषांत ते बसलं नाही, म्हणून २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने बालेवाडीला खेळावे लागले आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालशी गाठ नेरुळला पडली. मुंबई एफसीला ज्या बालेवाडीने घरापासून तोडलं तिथेच शहराच्या नव्या संघाला जावं लागलं आणि त्या गटातले सहाच्या सहा सामने तो हरला. एक सुसज्ज फुटबॉल मैदान या महानगराला परवडत नाही, हे कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. जमीन मिळत नाही, हे मान्य. पण अंधेरीची जमीन आहेच, हाताशी मेट्रो आहे. प्रेक्षक कक्ष, दिवे आणि सुविधा आशियाई दर्जाच्या करणं हे महापालिका आणि क्लब यांनी एकत्र बसून करण्यासारखं काम आहे, आणि त्यासाठी क्लबला त्या मैदानाचा दीर्घ मुदतीचा करार हवा. दर वर्षीच्या परवानगीवर कोणी भिंत बांधत नसतं.

हा विषय आताच काढण्याचं कारण आहे. २०२४-२५ मध्ये संघ कसाबसा सहावा आला आणि बाद फेरीत बंगळूरने त्याला ५-० असं लोळवलं. भेके आधीच बंगळूरला परतला होता, बिपिन त्या उन्हाळ्यात ईस्ट बंगालला गेला. लीग चालवण्याच्या हक्कांचा करार संपत आल्याने २०२५-२६ चा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही, आणि २०२५ च्या अखेरीला सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडला. क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. परदेशी पैशावर उभा असलेला हा डोलारा आता कोसळणार, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. महिंद्राचं जे झालं ते पाहता ही भीती अनाठायी नाही. पण महिंद्राकडे नसलेली एक गोष्ट या क्लबकडे आहे. दहा वर्षं एकाच दारातून आत जाणारे, निळी जर्सी घालून मेट्रोत चढणारे, अमरिंदर ते छांगटे सगळे मोसम तोंडपाठ असलेले काही हजार लोक. मोठा मालक गेल्याने महागडे परदेशी खेळाडू कमी येतील, हे उघड आहे. ती जागा कोणी तरी भरायची आहे, आणि ती मालाड, मुलुंड, वांद्र्याच्या मैदानांवरच्या पोरांनी भरावी म्हणून क्लबने कुमार संघांवर पैसा लावावा, हा माझ्यासारख्या चाहत्याचा आग्रह आहे. मोठी नावं परवडणार नसतील तर निदान पुढचा भेके बंगळूरला जाऊन मोठा व्हायची वाट पाहू नका, त्याला पंधराव्या वर्षीच अंधेरीत आणा.